मोठं इंजिन आणि दीड हाताचा दांडा

जीपबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच इंजिनावर येते. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदांत. रील बनवणाऱ्यांचंही तेच. बोनेट उघडायचं, रेस करायची, आवाज ऐकवायचा. गाडीखाली आडवं होऊन मागच्या एक्सलमधला हाफ शाफ्ट दाखवणारं रील तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

त्यात पाहण्यासारखं काही नसतं हेही खरंच. दीड-एक हात लांबीचा पोलादी दांडा. एका टोकाला खाचा, त्या डिफरन्शियलच्या आतल्या गिअरमध्ये बसतात. दुसऱ्या टोकाला चाक. बस्स. पण इंजिन जी काही ताकद निर्माण करतं, ती शेवटी या दांड्याला पीळ देऊनच चाकापर्यंत पोचते. आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडीत कुणी जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, की आज ना उद्या याच्यावर नाहीतर याच्या एखाद्या भाऊबंदावर प्रसंग येतो.

ही त्या भाऊबंदांची गोष्ट आहे. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन, हाफ शाफ्ट. इंजिन आणि चाक यांच्यामधली ही सगळी साखळी म्हणजे ड्राइव्हट्रेन. गेल्या ऐंशीएक वर्षांत इंजिनं मोठी होत गेली, तेव्हा या साखळीचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढे आला. त्यांनी दिलेली उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि त्या उत्तरांमध्ये फोर व्हील ड्राइव्हचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

आधी थोडं गणित

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. नट सोडवताना पान्याचा दांडा लांब असला की काम सोपं होतं, तो जोर. इंजिन जेवढा टॉर्क देतं तेवढाच चाकाला मिळतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गिअर हे टॉर्क वाढवण्याचं यंत्र आहे. वेग द्या, जोर घ्या, असा सरळ व्यवहार.

दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी जीप घेऊ. इंजिनाचा टॉर्क १०५ पाउंड-फूट, म्हणजे आजच्या मापात सुमारे १४२ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये तो २.६६ पट होतो. ट्रान्स्फर केस लो रेंजमध्ये टाकली की आणखी १.९७ पट. क्राउन-पिनियनमध्ये आणखी ४.८८ पट. सगळ्यांचा गुणाकार केला तर १४२ चे जवळजवळ ३,६०० होतात. घर्षणात थोडं जातं, तरी आकडा मोठाच राहतो.

म्हणजे साखळीत जितकं मागे जावं तितका जोर वाढतो. क्लचला १४२ पेलायचे असतात, एक्सलला साडेतीन हजार. म्हणूनच इंजिनात केलेली थोडीशी वाढ चाकापर्यंत जाताना कितीतरी मोठी होते. इंजिनात ५० न्यूटन-मीटर वाढवले, तर याच हिशेबाने मागे साडेबाराशेहून जास्त वाढतात.

आता यातला एक बारकावा. हा सगळा जोर दांड्यावर केव्हा येतो? चाकाने जमीन घट्ट धरलेली असेल तेव्हाच. चिखलात चाक नुसतं फिरलं तर जोर सुटून जातो, दांड्याला काही होत नाही. गाडीत वजन भरलंय, टायर मोठे आहेत, खाली कोरडा कातळ आहे, आणि ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला, की दांडा संपला. रुंद आणि उंच टायर लावणाऱ्यांना हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. टायर उंच झाला की पान्याचा दांडा लांब झाल्यासारखं होतं, फक्त या वेळी तो जमिनीच्या बाजूने ओढत असतो.

१९४०: वजनाच्या धाकात

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. मुदत इतकी कमी की वेळेत फक्त दोघांनीच दाद दिली, बँटम आणि विलिस-ओव्हरलँड. वजनाची पहिली अट होती १,३०० पाउंड, म्हणजे ५९० किलो. चार चाकांना ताकद देणारी गाडी एवढ्या वजनात बसवणं अशक्यच होतं. पुढे ती मर्यादा २,१६० पाउंडांपर्यंत, म्हणजे ९८० किलोपर्यंत वाढवली गेली.

पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीने ४९ दिवसांत गाडी उभी केली. २३ सप्टेंबर १९४० रोजी ती मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोचली. या घाईत नवा एक्सल कोण बनवणार? स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चँपियन या छोट्या प्रवासी मोटारीचा एक्सल घेतला आणि त्यावरून जीपचा बेतला. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रांगड्या गाडीचं मूळ कुटुंबाला रविवारी फिरायला नेणाऱ्या मोटारीत आहे.

विलिसचं बलस्थान होतं इंजिन. डेलमार रूस या इंजिनिअरने कंपनीच्या जुन्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर काम करून ते ६० पर्यंत नेलं. लष्कराने मागितलेला किमान टॉर्क होता ८५ पाउंड-फूट. विलिसने १०५ दिला. चाचणीत ही गाडी चढावर सगळ्यांच्या पुढे जात होती. पण ती जड होती. मग रूसने गाडी सुटी करून एकेक भाग वजनकाट्यावर ठेवला, लांब बोल्ट कापले, रंगाचा थरसुद्धा पातळ केला, असं सांगतात.

इथेच पहिला पेच दिसतो. इंजिन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा दणकट, पण वजनाच्या अटीमुळे बाकीच्या साखळीत पोलाद वाढवायला जागा नाही. वॉर्नर गिअर कंपनीचा टी-८४ हा तीन गिअरचा गिअरबॉक्स त्यामुळेच जीपचा नाजूक भाग ठरला. युद्धात तो चालला. कारण युद्धात सुट्या भागांची गाडी मागोमाग येत असते आणि जीप वीस वर्षं टिकावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

पण या गाडीत एक फार शहाणपणाची युक्ती होती. ट्रान्स्फर केसला दोन लिव्हर. एकाने पुढच्या चाकांना ताकद जोडायची, दुसऱ्याने लो रेंज लावायची. आतमध्ये असा अडसर ठेवलेला होता की पुढची चाकं जोडल्याशिवाय लो रेंज लागतच नसे. का? कारण ते ३,६०० न्यूटन-मीटर मागच्या दोन दांड्यांनीच पेलायचे झाले तर प्रत्येकी १,८०० येतात. चौघांत वाटले तर प्रत्येकी ९००. दांडा जाड करायला वजनाची परवानगी नव्हती, म्हणून भार वाटून देण्याची सक्ती केली. ही युक्ती लक्षात ठेवा, ती तीस वर्षांनी मोठं रूप घेऊन परत येणार आहे.

शेतातली जीप

युद्ध संपलं तोवर विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनल्या होत्या. विलिसला आता गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते होता शेतकरी. १९४५ मध्ये सीजे-२ए आली. सीजे म्हणजे नागरी जीप. इंजिन तेच, ६० हॉर्सपॉवरचं. पण शेतकरी नांगर ओढणार, दिवसभर लो रेंजमध्ये राबवणार, आणि तुटलं तर लष्कराचा वर्कशॉप ट्रक येणार नाही. म्हणून गिअरबॉक्स बदलला. टी-८४ जाऊन दणकट टी-९० आला. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ झालं, लो रेंज १.९७ वरून २.४६.

मात्र एका बाबतीत पाऊल मागे पडलं. लष्करी जीपचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता. त्यात गाडीचं वजन एक्सलची नळी आणि बेअरिंगं पेलतात, दांडा फक्त पिळतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतं. नागरी जीपमध्ये थोड्याच काळात सेमी-फ्लोटिंग एक्सल आला. तो स्वस्त पडतो. पण त्यात दांडा पिळतो आणि वजनही पेलतो. तो बाहेरच्या टोकाला तुटला, तर तुटलेल्या तुकड्यासकट चाक गाडीला रामराम ठोकू शकतं. ड्राइव्हट्रेनच्या मजबुतीची चर्चा हौशी लोकांची चैन वाटत असेल, तर घाटातल्या उतारावर हा प्रकार कसा दिसेल याची कल्पना करा.

पुढचं इंजिन म्हणजे हरिकेन. २.२ लिटरच, पण व्हॉल्व्हची मांडणी बदललेली, आणि ताकद सत्तरच्या पुढे. ते उंच होतं. जुन्या बोनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलचं बोनेटच उंच केलं. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपचं ते उंच कपाळ आठवतंय? त्याचं कारण हे. मुंबईत माझगावला महिंद्राने जीप जोडायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे सीजे-३बी इथे इतकी रुजली की अमेरिकेत ती बंद झाल्यावरही कित्येक वर्षं आपल्याकडे बनत राहिली. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तेच कपाळ.

ब्यूइकच्या भंगारातून दोन रस्ते

आता गोष्टीतला सगळ्यात गमतीदार भाग. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाने अ‍ॅल्युमिनियमचं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. त्याच आराखड्यातून दोन सिलिंडर कमी करून, बिडाचं ओतीव व्ही-६ इंजिन काढलं. अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ महाग पडलं आणि १९६३ नंतर बंद झालं. व्ही-६ मधूनही काही वर्षांत मालकाचं मन उडालं.

या दोन सख्ख्या भावांना दोन वेगळ्या घरी दत्तक घेतलं गेलं. व्ही-६ गेलं जीपकडे. व्ही-८ गेलं इंग्लंडमध्ये, रोव्हरकडे. आणि मोठं इंजिन कसं पेलायचं या एकाच प्रश्नाला दोन्ही घरांनी वेगळी उत्तरं दिली.

जीप तेव्हा कायझर कंपनीच्या मालकीची होती. कॅलिफोर्नियातले हौशी लोक आधीपासूनच जीपमध्ये मोटारींची मोठी इंजिनं कोंबत होते. कंपनीने १९६५ मध्ये स्वतःच ते केलं. ३.७ लिटरचं हे व्ही-६, नाव दिलं डॉन्टलेस. १६० हॉर्सपॉवर, २३५ पाउंड-फूट, म्हणजे जवळपास ३१९ न्यूटन-मीटर. हे आकडे त्या काळच्या पद्धतीने, पंखा वगैरे न जोडता मोजलेले, म्हणून थोडे फुगलेले. तरी युद्धातल्या जीपच्या दुपटीहून जास्त.

कायझरने गिअरबॉक्स बदलला. क्राउन-पिनियनचं गुणोत्तरही ३.७३ पर्यंत खाली आणलं. ही मजबुतीकरणाची कमी दिसणारी पण महत्त्वाची तऱ्हा आहे. इंजिनातच जोर असेल तर तो मागे जाऊन इतका वाढवायची गरज उरत नाही. हिशेब करून बघा. जुनी सीजे : १४२ गुणिले ५.३८, म्हणजे ७६४. नवी : ३१९ गुणिले ३.७३, म्हणजे ११९०. इंजिनाचा जोर सव्वादोन पट झाला, पण हाफ शाफ्टवरचा भार दीडपटीच्या आसपासच वाढला. तरी दीडपट म्हणजे दीडपट. आणि रोजच्या रस्त्यावर, पुढची चाकं सुटी असताना, तो भार एकट्या मागच्या एक्सलवर.

१९७० मध्ये जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली. १९७२ पासून त्यांनी आपली स्वतःची सहा सिलिंडरची लांबलचक इंजिनं आणि पाच लिटरचं व्ही-८ सीजे-५ मध्ये बसवलं. त्यासाठी चासीच तीन इंच वाढवावी लागली. पुढचा एक्सल नवा, ट्रान्स्फर केस नवी. मागच्या एक्सलला दणकट, एकसंध हाफ शाफ्ट, चाक बसवायची तबकडी दांड्यातूनच घडवलेली. आता कुठे साखळी इंजिनाच्या तोडीची झाली.

आणि मग १९७६ मध्ये कंपनीने स्वतःच्या कारखान्यातला वेगळा एक्सल लावला, एएमसी-२०. त्याचं क्राउन भलं मोठं, आधीच्यापेक्षाही मोठं. कागदावर दणकट. पण हाफ शाफ्ट दोन तुकड्यांचा. दांड्याच्या निमुळत्या टोकावर हब दाबून बसवलेला, मध्ये एक छोटीशी चावी. मोठ्या इंजिनाने झटका दिला की ती चावी कापली जाई आणि दांडा हबच्या आत नुसताच गरगर फिरे. मालक लोक मग बाजारातून एकसंध दांडे घेऊन बसवू लागले. कुणी पूर्ण फुल-फ्लोटिंग संच बसवला. म्हणजे १९४१ च्या लष्करी जीपमध्ये जे होतं, तेच खिशातून पैसे घालून परत आणलं.

पहाडासारखं क्राउन आणि नखाएवढी चावी. साखळीची ताकद कुठे मोजायची, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

इंग्लंडचं उत्तर : वाटून घ्या

लँड रोव्हर १९४८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. तिचा जन्मच जीप बघून झाला. मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरत असत. इंजिन १.६ लिटरचं, ५० हॉर्सपॉवरचं. पुढे इंजिनं वाढत गेली, पण मागचे हाफ शाफ्ट बराच काळ दहा खाचांचेच राहिले. मोजक्या मोठ्या खाचा म्हणजे प्रत्येक खाचेच्या कोपऱ्यात ताण गोळा होणार. जुन्या लँड रोव्हरचे मालक सीटखाली जादा हाफ शाफ्ट घेऊनच लांबच्या प्रवासाला निघायचे. बऱ्याच वर्षांनी चोवीस खाचांचे दांडे आले, लांब गाड्यांना सॅलिसबरीचा जाडजूड एक्सल मिळाला, आणि ही बदनामी कमी झाली.

दरम्यान, १९६५ मध्ये रोव्हरने ब्यूइकच्या त्या अ‍ॅल्युमिनियम व्ही-८ चे हक्क घेतले. हे इंजिन आरामदायी, वेगवान फोर व्हील ड्राइव्हमध्ये बसवायचं ठरलं. स्पेन किंग यांच्या हाताखाली काम सुरू झालं आणि जून १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. १३५ हॉर्सपॉवर.

जुन्या लँड रोव्हरच्या पद्धतीने रस्त्यावर फक्त मागची चाकं चालवली असती, तर हा सगळा जोर एका एक्सलवर आला असता. मग तो एक्सल जाड हवा. जाड एक्सल म्हणजे स्प्रिंगच्या खाली लोंबणारं जास्त वजन. तसं वजन असलं की गाडी खड्ड्यात आपटते, चाक रस्ता सोडतं. आणि रेंज रोव्हरला तर सोफ्यासारखं चालायचं होतं. किंग यांच्या गटाने दांडा जाड करण्याऐवजी काम वाटून दिलं. चारही चाकं कायमची जोडली. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून मध्ये तिसरं डिफरन्शियल घातलं, चिखलात ते कुलूपबंद करायची सोय ठेवली. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकाच भक्कम घरात बसवले. हा एलटी-९५. जड आणि कुरकुरणारा, पण पेलणारा. आणि एक्सल मात्र लँड रोव्हरच्याच जातीचे, हलके.

कायम फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे बर्फातली सुरक्षितता, लक्झरी, असं आज जाहिराती सांगतात. त्याच्या मुळाशी एक्सल वाचवण्याचा हिशेब होता. १९४१ च्या जीपमध्ये लो रेंजपुरता जो अडसर होता, तोच विचार रोव्हरने प्रत्येक गिअरला, प्रत्येक रस्त्याला लावला.

तिसरी तऱ्हा १९७९ मध्ये दिसते. रोव्हरने तेच व्ही-८ साध्या, पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या लांब लँड रोव्हरमध्ये बसवलं. एलटी-९५ ही दिला, चारही चाकं कायम जोडली. पण ब्रेक जुन्या पद्धतीचे ड्रमचेच, बाकी गाडीही जुनीच. म्हणून इंजिनाचाच गळा आवळला आणि ताकद ९१ हॉर्सपॉवरवर आणली. ऐकायला विचित्र वाटतं, व्ही-८ घ्यायचं आणि त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. पण यात प्रामाणिकपणा आहे. गाडी जेवढं पेलू शकते तेवढीच ताकद तिला दिली.

इगतपुरी, वडाप आणि थार

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या दाराने आला. आपल्याला वेग नको होता, डिझेल हवं होतं. पेट्रोल महागलं तशी मूळ पेट्रोलची जीप पोसणं कठीण झालं. गॅरेजवाले जुन्या जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवू लागले. कंपनीनेही तोच रस्ता धरला. इगतपुरीच्या कारखान्यात पुजोच्या परवान्याने २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बनू लागलं आणि ते १९८० च्या दशकातल्या एमएम-५४० मध्ये बसलं. ६२ हॉर्सपॉवर. म्हणजे चाळीस वर्षं उलटूनही आकडा युद्धातल्या जीपच्या शेजारचाच.

मग ड्राइव्हट्रेनला काय फरक पडला? डिझेलचा फरक हॉर्सपॉवरमध्ये शोधायचा नसतो. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. तेवढीच हॉर्सपॉवर निम्म्या फेऱ्यांत देणारं इंजिन दुप्पट पिळतं. ट्रॅक्टरच्या जातीचं संथ डिझेल इंजिन ज्यांनी जीपमध्ये बसवलं, त्यांना हे लगेच कळलं. शिवाय डिझेलचा प्रत्येक स्फोट जास्त जोराचा, म्हणजे गिअरच्या दातांवर सतत हातोडा. आणि संथ इंजिनाला ५.३८ चं जुनं क्राउन-पिनियन ठेवलं तर गाडी पळतच नाही. म्हणजे इंजिन बदललं की क्लच, क्राउन, सगळं ओघाने आलंच.

पण आपल्याकडे साखळीची खरी परीक्षा इंजिनाने घेतलीच नाही. ती घेतली माणसांनी. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, त्या प्रवासी जीपमध्ये आत किती बसले आणि मागे किती लोंबकळले, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. मघाचं गणित आठवा. वजन वाढलं की चाक जमीन घट्ट धरतं आणि सगळा जोर दांड्यावर येतो. सेमी-फ्लोटिंग एक्सल असेल तर दांड्याला ते वजनही उचलायचं असतं. ६२ हॉर्सपॉवरची, दुपटीने भरलेली जीप घाट चढते, तेव्हा तिच्या एक्सलला समोर कुठलं इंजिन आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिथे एसटी वेळेवर येत नव्हती, म्हणून हा भार त्या दांड्याने उचलला.

२०१० मध्ये महिंद्राने थार आणली. कॉमनरेल डिझेल, १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन-मीटर. २०२० ची थार, जी नाशिकला बनते, तिच्या ऑटोमॅटिक पेट्रोलचा टॉर्क आहे ३२० न्यूटन-मीटर. हा आकडा ओळखीचा वाटतोय? १९६५ च्या डॉन्टलेसचा ३१९ होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी योगायोग मजेशीर आहे. फरक एवढाच की कायझरने हे इंजिन जुन्या गाडीत घातलं. २०२० ची थार चासीपासून त्याच जोराचा हिशेब धरून नव्याने बेतलेली आहे.

काय तुटावं हे कोण ठरवतं?

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मजबुतीकरण म्हणजे कमजोर कडी नाहीशी करणं असं आपण समजतो. पण कमजोर कडी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. हाफ शाफ्ट जाड केला की क्राउनचे दात जातात. क्राउन मोठं केलं की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो. क्रॉस मोठा घातला की गिअरबॉक्सचं घर तडकतं. साखळीत एक कडी कायम सगळ्यात कमजोर राहणारच.

म्हणून अनुभवी मिस्त्री विचारतो, काय तुटलेलं परवडेल? घरातल्या फ्यूजसारखा विचार. शंभर मैलांवर अडकलात तर हाफ शाफ्ट रस्त्याच्या कडेला बदलता येतो, गिअरबॉक्स नाही. त्या हिशेबाने सीटखाली जादा दांडा ठेवणारे जुने लँड रोव्हरवाले अगदीच वेडे नव्हते. फक्त एक अट : दांडा तुटल्यावर चाक जागेवर राहिलं पाहिजे.

आज हाच प्रश्न तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. पूर्वी ताकद वाढवायला इंजिन उतरवावं लागे, चेन-पुली लागे, दोन माणसं लागत. आता लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात टॉर्क वाढवून देणारे आहेत. इंजिन उतरवताना निदान खालचा क्लच तरी डोळ्यांना दिसायचा. आता काहीच उघडावं लागत नाही, त्यामुळे साखळीची आठवणही होत नाही. कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी साधा क्रम उरतोच. आधी ब्रेक. मग एक्सल, मग प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस, मग गिअरबॉक्स, मग क्लच. सगळ्यात शेवटी इंजिन. कायझर, अमेरिकन मोटर्स, रोव्हर, सगळ्यांनी इंजिनापासून सुरुवात केली आणि मागे मागे जात साखळी दुरुस्त करत बसले. त्यांच्याकडे कारखाने होते, वर्षं होती. आपल्याकडे एक गाडी असते आणि तिच्यात आपली माणसं बसलेली असतात.